धारेची पंगत

बन्सोच्या डोकेदुखीची चर्चा गुरुद्वाराच्या स्वयंपाकघरात आता उघड उघड व्हायला लागली होती. रविवार आला, दुपार झाली, जमलेली संगत जेवायला बसायची वेळ जवळ आली की बन्सोचं डोकं दुखायला लागायचं. उलथनं शेजारणीच्या हातात देऊन, ओढणीला हात पुसत ती मागच्या दारानं निघून जायची.

कमिटीच्या प्रधानांची बायको तृप्त कौर, स्वयंपाकघराची सगळी सूत्रं तिच्या हातात. तिनं घरून बदामाच्या तेलाची बाटली आणून दिली. "टाळूला लाव, बन्सो. आणि झोपताना केस घट्ट बांधू नकोस."

कणीक मळणारी कुलवंत शेजारणीच्या कानाशी लागली, पण आवाज तव्यापर्यंत पोचेल एवढा ठेवून. "तेलानं काय होतंय? नऊ महिन्यांनी आपोआप उतरेल."

बन्सोचं वय त्रेचाळीस. मुलगी रवनीत कॉलेजला जायच्या वयाची. बन्सो म्हणाली, "तसं झालंच तर तुझ्या मांडीवर आणून ठेवीन हो. अंगाई म्हणण्यात तरी तुझं तोंड कामी येईल."

बायका हसल्या आणि विषय तिथंच मिटला. पण मागच्या दारातून बाहेर पडून, लोकांची नजर चुकवत पेट्रोलपंपाच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली तेव्हा बन्सोला स्वतःचाच संताप आला. तिचं डोकं ठणठणीत होतं. लहानपणापासून कधी दुखलं नव्हतं. ती नवऱ्याची वाट बघत होती. नवरा, जगतार, पुढच्या दारानं चारचौघांत ताठ मानेनं निघायचा, एका हातानं गाडी चालवत पंपापर्यंत यायचा, आणि तिथून पुढं बन्सो गाडी हातात घ्यायची. गोठ्यात पोचलं की तो उलट्या बादलीवर बसायचा आणि बन्सो धारा काढायची.

हे असं महिनाभर चाललं होतं.

त्या भागात, इटलीत क्रेमोनाच्या आसपासच्या सपाट मुलखात, गाई इटालियन माणसांच्या आणि हात पंजाबी माणसांचे, असा हिशेब कितीतरी वर्षांपासून बसलेला. गुरुद्वारा म्हणजे एक जुनं गोदाम, बाहेर झेंडा, आत गालिचे. रविवारी गोदाम भरायचं. पण गाईला रविवार कळत नाही. पहाटेची धार काढून माणसं आंघोळी करून यायची, आणि कीर्तन रंगात आलं की दुपारच्या धारेची वेळ व्हायची. सुरुवातीच्या काळात ती बिचारी उपाशीच उठून जायची. मग म्हाताऱ्या बचन सिंगनं पायंडा पाडला. शेवटच्या प्रार्थनेच्या, म्हणजे अरदासच्या आधी कीर्तन करणारे ग्यानीजी थांबतात आणि सांगतात, "धारेला जाणाऱ्या संगतीनं आधी जेवून घ्यावं." पुरुषांच्या बाजूनं माणसं उठतात, गुरुग्रंथ साहिबांपुढं डोकं टेकवतात आणि लंगरमध्ये जाऊन बसतात. ती धारेची पंगत. गरम रोटी पहिल्यांदा तिथं पडते.

आता या उठण्याला मान आला होता. मुलं शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत, "बघ, माझे पापा उठले." लग्नाच्या मुलींचे बाप कोण उठतो ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून ठेवत. उठला म्हणजे हाताला काम आहे, डोक्यावर मालकानं दिलेलं छप्पर आहे. बसून राहिला म्हणजे काहीतरी बिनसलंय.

म्हणून जगतार उठायचा. त्याचा डावा खांदा कामातून गेला होता, तरी उठायचा.

एका पहिलारू, पहिल्यांदाच व्यालेल्या गाईनं त्याला लोखंडी फाटकावर दाबलं होतं. हाड मोडलं नाही, पण आतलं काहीतरी फाटलं. गुरुद्वारात त्यानं थोडा मुका मार लागल्याचं सांगितलं, पण हात छातीच्या वर जाईना. आणि धारेचं काम म्हणजे सगळं छातीच्या वरचंच. माणूस खाली खड्ड्यात उभा, गाई दोन्ही बाजूंना वर, त्यांच्या कासा डोळ्यांच्या पातळीला. आयोडीननं सड पुसायचे, यंत्राचे पेले चढवायचे, उतरवायचे, पुढची गाय. हात खाली येतच नाहीत.

ज्या दिवशी हे घडलं त्याच्या दुसऱ्या पहाटे मालक अत्तिलियो सगळीकडे फोन करत अंगणात फिरत होता आणि बदली माणूस मिळत नव्हता. बन्सोचं घर जुन्या गोठ्याच्या माडीवर. खिडकीतून तिला गाई ऐकू येत होत्या. कासा तटतटल्या होत्या, आणि तटलेल्या गाईचं हंबरणं वेगळं असतं. भूक लागल्यासारखं नसतं, पोरक्यासारखं असतं. माहेरी सात म्हशी होत्या आणि बन्सोची बोटं त्यांच्यावरच तयार झालेली. ती ते ऐकत पडून राहू शकली नाही. जगतारचे बूट घातले, आत मोजे कोंबले आणि खाली उतरली.

अत्तिलियोनं फोन खिशात टाकला. पहिल्या ओळीत तिनं दोन पेले उलटे धरले, एका गाईनं तिच्या मनगटावर लाथ झाडली. तिसऱ्या ओळीनंतर तो बघायचा थांबला आणि स्वतः बाहेर वासरांकडे गेला. बन्सोच्या मते तिला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. चार दिवसांनी त्याची आई, इव्हाना, माडीचा जिना चढून धापा टाकत आली आणि तिनं टेबलावर हिरव्या रबरी बुटांचा जोड ठेवला. बन्सोच्या मापाचा.

इव्हाना आणि बन्सोचं जुनं होतं. बन्सो या देशात आली ती कडेवर दोन वर्षांची रवनीत घेऊन, ऐन धुक्यात. जगतार दारातून बाहेर पडला की चार पावलांवर दिसेनासा व्हायचा, आणि तो कोणत्या दिशेला गेला तेही तिला कळायचं नाही. समोरच्या झाडांची रांग तिला पहिल्यांदा दिसली ती मार्चमध्ये. तोवर तिला वाटायचं, या देशाला कडाच नाहीत. एक दिवस इव्हानानं तिचा हात धरून कोंबड्यांच्या खुराड्याकडे नेलं, अंडं तिच्या तळहातावर ठेवलं आणि त्याचं नाव सांगितलं. बन्सोनं तिच्या भाषेत शिकलेला तो पहिला शब्द. म्हातारी मक्याच्या पिठाचा सांजा करायची. बन्सोनं तेच पीठ मागून घेतलं, गरम पाण्यात मळलं आणि थापून भाकरी केली, वर बांधावरच्या पाल्याची भाजी आणि लोणी. इव्हाना बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "आम्ही गरीब होतो तेव्हा असंच खायचो." थोड्या वेळानं म्हणाली, "तेव्हा इतकं चांगलं लागायचं नाही."

असं करत करत बन्सो रुजली. खिडकीत मेथी, जिन्याखाली लोणच्याची बरणी, अंगणात वाळत घातलेली पगडीची लांबच लांब कापडं. हे घर तिचं होतं, पण ते नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी गेली की माडी खाली करायची. ही गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती, आणि म्हणूनच अत्तिलियोनं बोलणं काढलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

तो म्हणाला, असं चालणार नाही. तपासणीवाले कधीही येतात. खड्ड्यात जो उभा असेल त्याच्याच नावाचा करार हवा. जगतारला वासरांचं आणि ट्रॅक्टरचं हलकं काम देतो, हात सुधारेल तसं. पण धारेचा करार सोमवारी बन्सोच्या नावानं, नाहीतर सोमवारी नवा माणूस.

बन्सोनं एकच विचारलं. पगार जगतारचा होता तोच ना? अत्तिलियो म्हणाला, काम तेच तर पगार तोच.

मग शनिवारी, बन्सो त्याच्या खांद्याला मोहरीचं तेल चोळत होती तेव्हा तो म्हणाला, "कर सही."

"करणारच आहे."

"पण गुरुद्वारात कुणाला कळायला नको."

बन्सोचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे चाललंय तसं चालू दे. मी उठीन. तू मागनं ये."

"दर रविवारी?"

"हं."

"दर रविवारी माझं डोकं दुखणार? किती वर्षं?"

"भागवाने, लोकांना सांगायला काहीही सांगता येतं. डोकं नको तर कंबर दुखू दे."

पलंगावर अभ्यास करणारी रवनीत पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "महिन्याला एक अवयव घ्या मम्मी. वर्षभर पुरतील."

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाली.

बन्सोनं तेलाची वाटी खाली ठेवली. "रवनीतचे पापा, एक सांगा. गावाकडे तुमच्या आईच्या म्हशींच्या धारा कोण काढत होतं?"

"तू."

"तेव्हा तुमची आई गल्लीभर सांगत होती, सून गुणाची आहे, हाताला धार आहे. घरच्या म्हशीखाली फुकट बसले तेव्हा गुणाची. इथं मालकाच्या गाईखाली पगारावर उभी राहिले तर तुमचं नाक जातं?"

"माझं जात नाही. लोक बोलतात."

"काय बोलतील?"

"बायकोच्या जिवावर जेवतो म्हणतील," जगतार भिंतीकडे बघत म्हणाला. "वीस वर्षं मी त्या पंगतीत बसलोय, बन्सो. उद्या सगळे उठतील आणि मी बायकांसारखा बसून राहू?"

"बायकांसारखं बसून राहणं एवढं वाईट असतं होय? आम्ही तर जन्मभर बसलोय."

तो सदरा चढवायला लागला. डावी बाही त्याला चढवता येईना. बन्सोनं ती चढवून दिली, बटणं लावली, आणि शेवटचं बटण लावताना म्हणाली, "उद्या मी पेट्रोलपंपामागे उभी राहणार नाही. तुम्हाला उठायचं तर उठा. मीही उठणार आहे. पुढच्या बाजूनं."

"उद्या वैशाखी आहे. सगळा जिल्हा येणार."

"बरं झालं. वेगवेगळं सांगत बसायला नको."

वैशाखीला गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. बन्सो पहाटेची धार काढून, न्हाऊन, पिवळा सूट घालून आली. गाडीच्या मागच्या भागात पिशवीत हिरवे बूट होते. स्वयंपाकघरात तिनं सकाळभर रोट्या शेकल्या, आणि तृप्त कौरनं डोक्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमचं तेल फार गुणाचं निघालं, भैणजी. आज दुखणार नाही." मग हात धुतले आणि गुरुग्रंथ साहिबांपुढच्या दरबारात जाऊन बायकांच्या बाजूला, वाटेच्या कडेला बसली. पलीकडे, पुरुषांच्या चौथ्या ओळीत जगतारची केशरी पगडी दिसत होती. डावा हात त्यानं कोटाच्या खिशात घातला होता.

कीर्तन थांबलं. ग्यानीजींनी पेटी बाजूला सारली. "धारेला जाणाऱ्या संगतीनं आधी जेवून घ्यावं."

पुरुषांच्या बाजूला हालचाल झाली. बचन सिंगचा मुलगा उठला, मग दोघं भाऊ, मग आणखी. बन्सोनं गुडघ्यावर हात टेकला. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या ओढणीचं टोक धरून ओढलं, "अगं, पुरुषांना बोलावलंय." बन्सोनं ओढणी सोडवून घेतली आणि उठली.

बायकांच्या सगळ्या ओळींत ती एकटी उभी. पहाटे खड्ड्यात उभे राहिलेले पाय आताही घट्ट होते. ती वाटेवरून पुढं गेली, उठलेल्या पुरुषांच्या मागं रांगेत राहिली, तिची पाळी आली तेव्हा डोकं टेकवलं, आणि वळून सरळ लंगरकडे निघाली. केशरी पगडीकडे तिनं मुद्दामच बघितलं नाही.

लंगरमध्ये चटईची लांब पट्टी अंथरलेली. पुरुष बसले. बन्सो पट्टीच्या टोकाला मांडी घालून बसली आणि पुढ्यात ताट ओढलं. तिच्या शेजारच्या तरुण माणसानं नकळत थोडं सरकून एका माणसाची जागा मोकळी सोडली.

बचन सिंग आता धारेला जात नव्हता, पण ही पंगत त्याची, म्हणून तो वाढण्यावर देखरेख करायचा. तो काठी टेकत आला. "बेटा, चुकून इथं बसलीस का? बायकांची पंगत अरदासनंतर."

"चुकून नाही, चाचाजी. मला धारेला जायचंय. नव्वद गाई आहेत."

"जगतारला मदत करतेस? चांगलं आहे. पण मदतीला जाणारं माणूस घरी जेवतं."

"मदतीला नाही. उद्यापासून करार माझ्या नावावर आहे."

पंगतीत चमचे थांबले. बचन सिंगनं काठी दोन्ही हातांनी धरली. तो वाईट माणूस नव्हता. बन्सोला या देशात आल्यावर पहिलं पांघरूण त्याच्याच घरून आलं होतं. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "तू कष्टाळू आहेस, मला माहीत आहे. पण या पोरांचा विचार कर. आज तू उभी राहिलीस, उद्या मालक म्हणतील बायका स्वस्तात मिळतात. मग यांना कोण ठेवील?"

"स्वस्तात कुणी सांगितलं? या सगळ्यांच्या एवढाच पगार ठरवून घेतलाय. बाईला कमी चालतं हे मालकाच्या आधी आपणच बोलायला लागलो, तर त्यालाही तसं वाटेल."

कुणीतरी खाली मान घालून हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

"पण आमच्या पंगतीत..." बचन सिंग म्हणाला.

"चाचाजी, पंगत गुरूच्या घरची. बसलेल्याला इथं उठवत नाहीत, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय, दर वर्षी, याच जागी. उठवायचं असेल तर उठवा. मी आपल्या पायानं उठणार नाही."

दारात जगतार उभा होता. तो कधी आला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बचन सिंगला सुटल्यासारखं झालं. "ये जगतार, ये. बस. अरे, सरका रे, याला जागा द्या." बन्सोच्या शेजारची मोकळी जागा तशीच होती. जगतार तिथं येऊन बसला असता तर सगळं सोपं होतं. बायको नवऱ्याबरोबर जेवायला बसली, एवढीच गोष्ट झाली असती, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पेट्रोलपंप. बन्सोनं त्याच्याकडे बघितलं. जागा हातानं झाकली नाही, की पुढेही केली नाही.

जगतारनं खिशातला हात बाहेर काढला. तो तसाच लोंबत राहिला.

"मी धारेला जात नाही, चाचाजी," तो म्हणाला. "खांदा गेलाय. महिना झाला, हीच काढते."

"आणि तू उठत होतास ते?"

"खोटंच उठत होतो."

एवढं बोलून तो वळला आणि दरबारात परत गेला. बन्सोकडे त्यानं बघितलंही नाही. तो रागावला होता, हे तिला त्याच्या चालीवरून कळलं. राग चार-आठ दिवस टिकेल, घरात भांडी जोरात ठेवली जातील. पण पंगतीसमोर उभं राहून तो खोटं बोलला नव्हता. रागाचं बघून घेता येईल.

स्वयंपाकघराच्या दारातून तृप्त कौर रोट्यांची टोपली घेऊन आली होती. धारेच्या पंगतीला वाढायचा मान तिचा. सगळं तिनं ऐकलं होतं. एकेकाला रोटी देत ती पट्टीच्या टोकापर्यंत आली आणि बन्सोपुढं थांबली.

"तीन रविवार मला डोक्याचं सांगत होतीस," ती म्हणाली. "बदाम घरी फोडून तेल काढलं होतं मी."

"चुकलंच ते. डोक्याचं खोटं बोलायला नको होतं, भैणजी," बन्सो म्हणाली. "पण आज बसलेय त्यात चूक नाही." आणि तिनं दोन्ही तळहात जोडून पुढं पसरले. गुरूच्या घरी रोटी ताटात टाकत नाहीत, ओंजळीत घेतात. तळहातांवर आयोडीनचे पिवळे डाग होते, मनगटावर परवाच्या लाथेची निळी खूण. ती तशीच बसून राहिली. हात मागे घ्यायचे नाहीत, एवढंच तिनं ठरवलं होतं. सगळी पंगत जेवून उठली तरी चालेल.

तृप्त कौर त्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं टोपलीतल्या वरच्या रोट्या बाजूला सारल्या, खालची, वाफ धरलेली रोटी काढली आणि ओंजळीत ठेवली. "लवकर खा," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "आणि ते तेल हातांना लाव. डोक्याला नाहीतरी गरज नव्हती."

"अजून एक द्या. संध्याकाळपर्यंत उभं राहायचंय."

तृप्त कौरनं दोन दिल्या.

शेजारचा तरुण मोकळ्या जागेत परत सरकला. सरकताना त्यानं विचारलं, "भाभी, ती फाटकावर दाबणाऱ्या पहिलारूची धार कोण काढतं आता?"

"मीच. कपाळ खाजवलं की उभी राहते. आधी कुणी खाजवलंच नव्हतं."

जेवून, ताट धुऊन, ती पुढच्या दारानं बाहेर आली. गाडीचं मागचं झाकण उघडून पिशवी काढली आणि सगळ्यांच्या चपला-बुटांच्या गर्दीत, पायरीवर बसून, पिवळ्या सूटवर हिरवे बूट चढवले. कुलवंत पाणी प्यायला बाहेर आली होती. ती बुटांकडे बघत राहिली, मग तिनं विचारलं, "हे गं काय? आणि डोकं?"

"जागेवर आहे."

बन्सो गाडीत बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका नुकता वर आला होता. गाव संपता संपता पेट्रोलपंप आला. तिथली भिंत उन्हात पांढरी दिसत होती आणि तिच्या आड कुणी उभं नव्हतं. बन्सोनं गाडीचा वेग जराही कमी केला नाही. गाई वाट बघत असणार होत्या.